धुतलेला कातळ

मुटोकोकडच्या बायकांना पाहुणे येणार एवढं कळलं की त्या आधी खराटा उचलतात. अंगणात गवताची काडी दिसली तर घरची सून आळशी, हा तिथला कायदा. माइदेईने नव्या सुनेला, शुवाईला, याच कायद्याने भाजून काढलं होतं. "तुझ्या माहेरी चुलीतही गवत उगवतं का गं?"

या वेळचे पाहुणे कातळ बघायला येणार होते. गावाचं खळं म्हणजे हाच काळा कातळ. सगळ्यांची नाचणी त्यावरच झोडपली जायची. तो फोडून परदेशी पाठवायला एक कंपनी टपली होती. सरकारी बाई आली तर तो वाचेल, एवढं बायकांच्या कानावर होतं. कशाच्या जोरावर, ते मुखिया मुसेकिवाने पुरुषांच्या बैठकीत सांगितलं आणि तिथेच ठेवलं. बायका म्हणजे चूल, त्यांना काय सांगायचं! त्यांना हुकूम एवढाच, "कोंबडी कापा, मक्याच्या पिठाचा साद्झा रांधा, गावाची लाज राखा."

आदल्या संध्याकाळी माइदेईने सुनेला बजावलं, "उद्या कातळ लख्ख दिसला पाहिजे. खळगेसुद्धा."

सकाळी ती वर गेली तर खरंच लख्ख. शुवाईने खळग्यांतलं पाणी उपसून तळ घासला होता. आतलं लसणीच्या पातीसारखं गवत गड्ड्यांसकट उपटून कचऱ्याबरोबर जाळलं होतं. माइदेईला भरून आलं.

"आज शोभलीस हो माझी सून," ती म्हणाली. पोरगी लाजून हसली.

सरकारी बाई खळग्यापाशी ओणवी झाली ती उठेचना. "इथलं गवत कुठंय?" तिने विचारलं. "ते दुसरीकडे फारसं उरलेलंच नाही हो. त्याच्याच नावावर मी हा कातळ राखणार होते."

"कुणी हात लावला?" मुसेकिवा गरजला.

शुवाई अजून कौतुकातच होती. तिने सासूकडे पाहिलं.

'आम्हाला कुणी सांगितलं होतं?' हे माइदेईच्या अगदी ओठांवर आलं. पण ज्यांनी तोंडं शिवून ठेवली होती, तेच सगळे पुरुष आता डोळे वटारून उभे होते. त्यांच्यावरचा राग ती जन्मभर गिळत आली होती, आणि गिळलेला राग दरवेळी सुनेवरच निघायचा.

"हिने," माइदेई म्हणाली. "मी फक्त अंगण झाडायला सांगितलं होतं. अक्कल नाही हिला."

शुवाईने एकदा वर पाहिलं. मग सुनेने टेकावेत तसे गुडघे टेकले.

"हो आई," ती म्हणाली. "माझंच चुकलं."