घट्ट घास

“सहा किलो शंभर,” म्हणत सिस्टरनी काट्याच्या झोळीतून बाळाला उचललं आणि आईच्या हातात दिलं. मागच्या महिन्यातही तेवढंच होतं. बाळ दहा महिन्यांचं.

“चार वेळा भरवतो हो आम्ही,” आई म्हणाली. “वाटी चाटूनपुसून संपवतो हा. मग अंगी का लागत नाही?”

मागे बायकांची रांग होती. सिस्टरनी आवाज खाली आणला. “दुपारी घरी येते तुझ्या. माझ्यासमोर भरवा त्याला.”

एकवीस वर्षं त्या लेकरांची वजनं करत होत्या. उपदेश त्यांना तोंडपाठ होता आणि आयांना तो त्यांच्याहून जास्त पाठ होता. घोडं कुठे पेंड खातं ते स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नाही, एवढं त्या शिकल्या होत्या.

घर दोन खोल्यांचं, लखलखीत. ओट्याशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी मऊ भातात भांडंभर पाणी ओतलं, घोटलं आणि गाळणीतून गाळलं. चमच्यातून दुधासारखी धार पडली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

“आजी, इतकं पातळ?”

“बाळाला असंच देतात.”

“पोट केवढंसं त्याचं. ते पाण्यानंच भरलं, म्हणजे आपण त्याच्या तोंडाला पानंच पुसली की.”

सून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. “घट्ट घशात अडकतं,” त्या म्हणाल्या.

“मी किती वेळा सांगितलं यांना,” सून पुटपुटली. “ऐकतच नाहीत.”

सिस्टर काही बोलणार होत्या, पण त्यांचं लक्ष म्हातारीच्या बोटांकडे गेलं. गाळणीची कड त्यांनी गच्च धरली होती. सिस्टरनी हळूच विचारलं, “कुणाच्या अडकलं होतं, आजी?”

सासूबाईंनी दुसऱ्या हाताने ठिबकणारा नळ पिळून बंद केला.

“याच्या बापाच्या आधी मुलगी होती मला,” सासूबाई म्हणाल्या. “अकरा महिन्यांची. आडवी घेऊन मीच भरवत होते.”

सुनेला लग्नानंतरच्या चार वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. ती उठली आणि सासूच्या हातातली गाळणी तिने काढून घेतली.

सिस्टरनी पातेल्यात उरलेला भात आणि सुनेनं उकडून दिलेलं अंडं बोटांनी पार लोण्यासारखं कुस्करलं, वर चमचाभर तेल घातलं. बाळाला मांडीवर ताठ बसवलं. “आडवं असताना भरवायचं नाही, आजी. असं बसवायचं. घास नखाएवढा. गिळला की मगच पुढचा.”

सासूबाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना बघवेना. सून भरवू लागली.

“गिळलं?”

“गिळलं, आई.”

दुसरा घास.

“गिळलं?”

“हो, आई. अजून मागतोय.”

अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. दर घासाला सासूबाईंनी विचारलं आणि दर घासाला सुनेनं उत्तर दिलं. एकदाही तिचा आवाज चढला नाही. सिस्टरची पुढची दोन घरं त्या दिवशी राहिली.

पुढच्या महिन्यात काटा सहा किलो सहाशेवर थांबला. सुनेनं आकडा दोनदा वाचून घेतला. नंतर बाहेर बाकावर सासूबाई नातवाला भरवायला बसल्या. बाळ मांडीवर ताठ, वाटीत घट्ट भात. सिस्टर दारातून बघत राहिल्या. बाळ घास गिळत होतं, आणि प्रत्येक घासाला म्हातारीच्या गळ्यातूनही एक आवंढा खाली उतरत होता.