चौथा सड

ठिपकी गायीचा पहिला नंबर आला तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशोब त्याने प्रदर्शनाच्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता. एक, निळी फीत. दोन, कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला ऐकू जाणारं आपलं नाव. तीन, साडूचा चेहरा. खरं सांगायचं तर पहिल्या दोन गोष्टी त्याला तिसरीसाठीच हव्या होत्या. साडू सलग तीन वर्षं पहिला येत होता, आणि दर वर्षी फीत खिशाला लावून यांच्याकडे जेवायला यायचा. दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणायचा, "तुमचीही गाय चांगली आहे हो." त्यातला तो 'हो' याच्या घशात वर्षभर अडकून राहायचा.

गाय चांगली होतीच, पण त्यात त्याचं श्रेय बेताचं. वासरापासून तिला वाढवलं ते अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी. दोन्ही वेळची धारही अण्णाच काढत. चाळीस वर्षांत आपल्या हाताखालच्या एकाही गायीचा सड आटून गेला नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरायचा. पण स्टुलावर बसून गायीच्या पोटाला डोकं टेकवलं, की थरथर थांबायची.

"हात बाहेर म्हातारा झालाय," ते म्हणत. "गोठ्यात त्याला अजून कळवलेलं नाही."

प्रदर्शनात परीक्षक आधी बघतो ती कास. ती भरलेली दिसावी म्हणून काही जण आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची धार काढतच नाहीत. दूध तुंबतं, कास टम्म होते. साडूही तेच करायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. अण्णांपुढे तर हा विषय काढायची सोय नव्हती. म्हणून तो आदल्या दुपारीच ठिपकीला टेम्पोत घालून निघाला.

"धार कोण काढणार?" अण्णांनी विचारलं.

"मी आहे ना."

"मुठीने काढ. अंगठा मुडपलास तर सड दुखावतो."

"अण्णा, मी चाळिशीचा झालो."

"म्हणूनच सांगतोय. विशीत असतास तर ऐकलं असतंस."

परीक्षण दुसऱ्या दिवशी दहाला होतं. परीक्षकांची गाडी वाटेत बंद पडली. बारा वाजले. ठिपकी मागचे पाय फाकून उभी होती. सडांतून दूध आपसूक ठिबकत होतं आणि तो ओल्या फडक्याने ते पुसत होता. बादली हाताशी होती. अर्धी धार काढली असती तरी तिला सुटल्यासारखं झालं असतं. ती मान वळवून त्याच्याकडे बघायची. तो तिच्या शेपटीचे केस विंचरायला लागायचा.

शेजारच्या खुंट्याला साडूची गाय होती. साडूने थोडा वेळ वाट पाहिली, मग खाली बसून सरळ धार काढायला घेतली.

"यंदा राहू दे," तो म्हणाला. "जनावर रडकुंडीला आलंय. तुम्हीही काढा."

याच्या मनात त्या वेळी एवढंच आलं, की वाट मोकळी झाली.

तीन वाजता परीक्षक आले. "अशी कास बऱ्याच वर्षांनी पाहिली," असं ते कर्ण्यावरून म्हणाले. नाव पुकारलं गेलं, दोनदा. फीत मिळाली. साडूने हात मिळवला, पण चेहरा काही ठरल्याप्रमाणे पडला नाही. तो कासेकडे बघत होता.

"आधी धार काढा हो," तो म्हणाला.

पण फोटो होते, हात मिळवणारी माणसं होती, टेम्पोवाल्याची घाई होती. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. अण्णांनी फीत पाहिली, मग कास पाहिली.

"दोन्ही वेळ काढलीस ना?"

"काढली ना."

अण्णा स्टुलावर बसले. जन्मात लाथ न मारलेल्या ठिपकीने बादली उडवली. अण्णा दचकले. हात थरथरायला लागला, मूठ बसेना, आणि शेवटी त्यांनी अंगठा मुडपून कशीबशी धार काढली. तो दारात उभा राहून बघत होता. फीत अजून खिशालाच होती.

तिसऱ्या दिवशी मागच्या डाव्या सडातून दुधाऐवजी गाठी आल्या. कासेचा तो भाग दगडासारखा झाला. जनावरांच्या डॉक्टरने सुई दिली आणि विचारलं, "दूध तुंबलं होतं का मध्ये?"

"छे," अण्णाच म्हणाले. "माझ्या हातून झालं. अंगठा मुडपला मी."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बादली उचलली आणि ती धुवायला नेली. स्वच्छच होती.

सड आटला तो आटलाच. अण्णांनी स्टूल त्याच्यापुढे सरकवलं. "आता तू बस," म्हणाले. त्या दिवसापासून धारेच्या वेळी ते बाहेर कट्ट्यावर बसू लागले. चाळीस वर्षांची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. वैरण टाकायला आत आले तर आता हात आतही थरथरायचा.

रोज सकाळी तो तीन सड पिळायचा आणि चौथ्यापाशी त्याचा हात सवयीने जाऊन परत यायचा. महिनाभर त्याने हे सोसलं. मग एके सकाळी भरलेली बादली कट्ट्याशी ठेवून तो म्हणाला, "अण्णा, मी तेव्हा धार काढलीच नव्हती. दोन्ही वेळ. कास मोठी दिसावी म्हणून. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

अण्णांनी बादलीतला फेस पाहिला. मग हसले.

"खोटं बोलायची सवय नाही तुला," ते म्हणाले. "लगेच कळतं."

"खरं सांगतोय. साडूभाऊंना विचारा."

"त्यांनाही पढवून ठेवलंस? अरे, गायीनं पान्हा सोडावा म्हणून तू लहानपणी तिची पाठ खाजवत बसायचास. तू जनावराला तसं ठेवशील होय?" त्यांनी थरथरता हात त्याच्या पाठीवर ठेवला. "म्हाताऱ्याचं मन राखायला आळ अंगावर घेतोस. राहू दे. झालं ते माझ्याच हातून."

तो पुन्हा सांगायला गेला. अण्णांनी मान हलवली आणि बादली आत न्यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत आळीतल्या चार घरी त्यांनी ही गोष्ट सांगून टाकली होती: माझा मुलगा असा आहे.

म्हणजे फीत त्याला मिळाली, नाव त्याचं झालं, आणि न मागता गुणी मुलगा म्हणून लौकिकही त्याच्याच पदरात पडला. ठिपकीचा एक सड गेला. अण्णांचा गोठ्यातला हातही.