पांढऱ्या चकतीला कुणी हात लावला

सरळच सांगते, मला माझी धाकटी जाऊ आवडत नाही. ती वाईट असती तर फार सोपं झालं असतं. चार बायकांत बसून तिची उणीदुणी काढली असती आणि मोकळी झाले असते. पण ती कुणाला उलट बोलत नाही, भांडी घासताना गुणगुणते आणि सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी माझ्याआधी करते. आता अशा बाईचं करायचं काय, तुम्हीच सांगा.

बरं, घरात एक वेळ चाललं असतं. घर दुमजली आहे, ती वर, आम्ही खाली, स्वयंपाकघर तेवढं एक. पण ती माझ्या संशोधन संस्थेतही आली. तेरा वर्षं मी तिथल्या प्रकाशविभागात घासलीत, आणि ही लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत समोरच्या समाजविकास विभागात टेबल मांडून बसली. हिचं शिक्षण काय, तर माणसांना प्रश्न कसे विचारायचे! मी नवऱ्याला म्हटलं, "तुझी आई ते काहीही न शिकता दिवसभर करते." तो हसला, आणि लगेच वर जाऊन भावाला सांगून आला. तीसुद्धा हसली म्हणे. चिडली असती तर काही मजा होती.

यंदा संस्थेने तीन विभागांना एकाच कामाला जुंपलं. पीक सुकायला लागण्याआधीच त्याची तहान कळली पाहिजे, असं ते काम. संस्थेच्या शेतावर घेवड्याचे चार पट्टे लावले. शेतीविभागाच्या माणसाला सगळे मुळोबा म्हणतात, कारण तो कुठलंही रोप दिसलं की आधी मुळं बघतो. पीक वाढवायचं आणि पाणी द्यायचं त्याने. पानावर पडून परत येणारा प्रकाश मोजून पानात पाणी किती ते सांगायचं मी. आणि शेतावर काम करणाऱ्या बायकांना काय दिसतं, काय वाटतं, ते विचारून लिहायचं धाकटीने. पहिल्या पट्ट्याला माझ्या आकड्यांप्रमाणे पाणी द्यायचं, बाकीच्या तिघांना न मोजता, नेहमीच्या पद्धतीने, असं ठरलं.

सहा महिन्यांनी अहवाल, आणि अहवालानंतर पुढच्या पाच वर्षांसाठी या कामाला एक प्रमुख. मुळोबाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला खुर्ची नको, फावडं द्या." म्हणजे उरलो आम्ही दोघी. एका घरातल्या दोन जावा आणि एक खुर्ची. ती खुर्ची मला हवी होती. खोटं कशाला बोलू, तेरा वर्षं मी अशाच खुर्चीची वाट बघत होते.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मोजण्याच्या यंत्राला आम्ही डोळा म्हणतो. या डोळ्याला ऊन कडक आहे की ढगाळ, ते स्वतःहून कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी पान दाखवण्याआधी त्याला एक पांढरी चकती दाखवायची. हे पांढरं, आता याच्याशी तुलना करून पान सांग, असं ते काम. चकती पांढरी तर सगळं खरं. ती मळली, की डोळा खोटं बोलायला लागतो, आणि अगदी ठाम आवाजात बोलतो. चकतीला बारीक छिद्रं असतात. तेलकटपणा एकदा आत शिरला की बाहेर येत नाही. म्हणून तिच्या डबीवर मी स्वतःच्या अक्षरात चिकटवून ठेवलंय: कडेने धरावी, कापड लावू नये, धूळ रबरी फुग्याच्या वाऱ्याने उडवावी. आणि कपाटात एक दुसरी, न वापरलेली चकती असते. महिन्यातून एकदा पहिली तिच्याशी ताडून बघायची. हाही नियम माझाच.

चौथ्या आठवड्यात शेतावर मी डोळ्याची बॅटरी बदलत होते. दोन्ही हात अडकलेले. मुळोबाला म्हटलं, जरा डबी धर. त्या शहाण्याने डबी उघडली आणि चकती चक्क धाकटीच्या हातात दिली! मी वर बघते तर हिने ती तळहातावर आडवी घेतलेली, पोरांनी सापडलेलं नाणं दाखवावं तशी.

"ताई, किती हलकी आहे हो ही!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओरडले नाही, कारण कामवाल्या बायका बघत होत्या. चकती काढून घेतली, फुगा दाबला, पुन्हा दाबला. पण तिचा हात काही वाऱ्याने उडेना. म्हणजे मलाच तसं वाटेना. मग मी खिशातून रुमाल काढला आणि चकती पुसली. चांगली दाबून पुसली.

त्या दिवसापासून दर वेळी पुसायला लागले. आधी रुमाल, मग डोळा. तिने परत कधी चकतीला बोट लावलं नाही, पण मला प्रत्येक वेळी ती तिच्या तळहातावर पडलेली दिसायची. आणि दुसऱ्या चकतीशी ताडून बघायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, बघितलंच नाही. माझ्या हातातली वस्तू बिघडेल कशी? हा तोरा.

पुढच्या आठवड्यांत माझे आकडे सांगायला लागले की पहिला पट्टा तहानलाय. दर आठवड्याला थोडा जास्त. मुळोबाने पाणी वाढवलं. तो डोकं खाजवायचा, पण कागदावर आकडा असला की भल्याभल्यांचं मातीकडे लक्ष जात नाही. आणि धाकटीने बैठकीत वाचून दाखवलं, "बायका म्हणतात, पहिल्या पट्ट्यात पाणी जास्त होतंय. पाय रुततो. खालची पानं पिवळी पडताहेत."

मी म्हटलं, "का गं, आता पायाने पाणी मोजायचं का? मग माझं यंत्र विकून सगळ्यांना चपला घेऊया."

सगळे खो खो हसले. तीही हसली आणि तिने वही मिटली. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

एकदा ती माझ्या दाराशीही आली होती. "ताई, पाच मिनिटं आहेत?"

"नाहीत," मी मान वर न करता म्हणाले.

अहवालाच्या बैठकीचा दिवस उजाडला. सकाळी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ती आंघोळीला गेलेली आणि तिची वही जेवणाच्या टेबलावर. आता दुसऱ्याची वही वाचू नये, हे मला कुणी शिकवायला नको. पण तिच्या कामात एखादं भोक सापडलं तर बैठकीत बोट घालायला बरं, असं मनात आलं. आलं म्हणजे आलं. मी वही उघडली.

तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. बायकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं:

"ती यंत्रवाली बाई खिशातल्या रुमालाने ती पांढरी चकती पुसते. मग मलम लावलेली मान पुसते. मग परत चकती. रुमाल तोच. आम्ही बघतो आणि हसतो. एवढी शिकलेली बाई, पण आधी मान आणि मग चकती!"

आणि खाली पेन्सिलीने, धाकटीच्या बारीक अक्षरात: अहवालात नको. ताईंशी एकट्यात बोलायचं. कसं बोलू?

मी खुर्चीवर बसले. शेतावर जाताना मी उन्हासाठी मलम लावते. मानेला, हातांना, तीन तीनदा. घाम आला की रुमालाने पुसते. खिशात रुमाल एकच असतो.

चहा तसाच टाकून मी संस्थेत धावले. शिपाई नुकताच कुलपं उघडत होता. कपाटातल्या नव्या चकतीचं सील तोडलं, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि डोळ्याला दाखवल्या. नुसतं बघून फरक कळत नव्हता. पण पाणी जिथे कळतं, नेमक्या त्या भागात जुनी चकती शंभरातले चौदा भाग प्रकाश खाऊन बसली होती. चकतीच काळवंडल्यावर पान उजळ दिसणारच, आणि पान तिथे उजळ दिसलं की डोळा म्हणतो, तहानलंय. मागचे सगळे आकडे काढले. रेघ सरळ चालली होती, आणि चौथ्या आठवड्यापासून वर चढत गेली होती. ज्या दिवशी तिने हात लावला त्या दिवसापासून. नाही, ज्या दिवशी मी पुसली त्या दिवसापासून. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला निघाले आणि आपलं मुसळ हातात आलं.

मग मी काय केलं तेही सांगते. नवी चकती डबीत ठेवली. जुनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. गप्प बसायचं ठरवलं. चुकलं कुणाला दिसणार होतं? बायकांना शास्त्रातलं काय कळतं, असं म्हणायचं आणि पुढे चालायचं. ठाऊक होतं ते एकट्या धाकटीला, आणि ती बोलणार नव्हती. तिने तसं लिहूनच ठेवलं होतं.

बैठकीत मुळोबाने पहिल्या पट्ट्यातलं रोप उपटून आणलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. मुळं तपकिरी, बोट लावलं की साल हातात येईल अशी. खोलीभर कुजका वास सुटला.

संचालक चष्मा पुसत म्हणाले, "यंत्र म्हणतं तहान. बायका म्हणतात चिखल. दोन्ही खरं कसं असेल? कुणाचं चुकलंय?"

मी पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले होते. मुळोबा मुळांकडे बघत राहिला.

आणि धाकटी उठली. "सर, मला वाटतं, माझे प्रश्न चुकले असतील. मी बायकांना विचारलं, पाणी जास्त होतंय का. उत्तर माझ्याच तोंडात होतं. त्यांनी नुसती मान डोलावली असेल."

खोटं! तिच्या वहीत असा एकही प्रश्न नव्हता. मी वाचली होती ना वही. बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्या नजरेत रागाचा मागमूस नव्हता, होती ती कीव. म्हणजे ही आता खुर्ची सोडणार, माझी लाज झाकणार, आणि मी? मी त्या खुर्चीवर बसून उभा जन्म हिच्या उपकाराखाली काढणार? आणि वर ही भांडी घासताना गुणगुणणार?

"ए, बस खाली!" मी ओरडले. संचालकांचा चष्मा हातातून निसटला. "तुझे प्रश्न बरोबर आहेत. बायकाही बरोबर आहेत. चूक माझी आहे."

पर्स उघडून मी रुमाल आणि चकती टेबलावर ठेवली, त्या कुजक्या रोपाच्या शेजारी. सगळं सांगितलं. मलम, मान, रुमाल, न ताडलेली चकती. ती का पुसत होते, तेवढं मात्र नाही सांगितलं. ते तिला कळलं. तिने तळहात पदराखाली लपवावा तसा टेबलाखाली घेतला.

संचालक म्हणाले, असा प्रामाणिकपणा आजकाल दिसत नाही. टाळ्याही वाजल्या. कसला प्रामाणिकपणा आणि कसलं काय! मला तिला मोठेपणा घेऊ द्यायचा नव्हता, एवढंच. जळफळाटाने माणूस खोटं बोलतो हे ऐकलं होतं, मी जळफळाटाने खरं बोलले.

खुर्ची तिलाच मिळाली. मिळायलाच हवी होती. घरी सासूबाई म्हणाल्या, "काही का असेना, राहिली घरातच." नवऱ्याने हळूच विचारलं, "बोलली नसतीस तर तुला मिळाली असती ना?"

"मिळाली असती. आणि रोज तिने दिलेली म्हणून बसले असते. त्यापेक्षा ही जळजळ परवडली."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा शेतावर गेलो. पहिल्या पट्ट्यात नव्याने बी टाकलं होतं. मी डोळा काढला, डबी उघडली, तर एक बाई कुदळीवर हनुवटी टेकून म्हणाली, "काय बाई, आज रुमाल विसरलात वाटतं?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मुळोबा तर मातीतच बसला. धाकटीने ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते. मला रडू येईल असं वाटलं, आणि आलं हसू. त्याचाही राग आला.

नवी चकती मी कडेने उचलली आणि धाकटीपुढे केली.

"धर. कडेने धर. पुसायची नाही."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, हात पुढे केला, आणि दोन बोटांत कडेने, अगदी जशी धरायला हवी तशी धरली. मला ते जमायला महिना लागला होता.

तेही मला आवडलं नाही.