झाडाला लागलेला बिबट्या

सरळ बसा, मित्रांनो. तुमच्याशी बोलते आहे ती एक जुनी दुर्बीण आहे, आणि तिला मध्येच बोललेले खपत नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. माझी भिंगे घासणाऱ्या कारागिराने मला खिडकीशी धरून दूरच्या मनोऱ्यावरचे घड्याळ पाहिले आणि तो समाधानाने हसला. ती माझी पहिली शाबासकी. पुढे पक्षी पाहायला मारा नदीकाठी आलेल्या एका पाहुणीने परतताना मला पारसालोईच्या गळ्यात घातले. सव्वीस वर्षे मी मासाई जमातीच्या त्या वाटाड्याच्या छातीवर झुलले. सिंहिणीच्या मिशीवरचे दव मी पाहिले आहे. त्याच्या नजरेची कीर्ती साऱ्या कुरणावर पसरली. त्यात माझा वाटा थोडाथोडका नव्हता.

पण अलीकडे एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक होती. चित्र स्पष्ट करणारे माझे मधले चाक तो रोज थोडे अधिक फिरवत असे. धुके माझ्या भिंगात नव्हते, त्याच्या डोळ्यांत उतरले होते. हे कुणाला कळले तर गाडीतली पुढची जागा जाईल, या भीतीने तो गप्प होता. आणि गप्प राहिला तर डोळेच जातील, हे मात्र त्याला दिसत नव्हते.

त्या सकाळी कुरण अजून झोपेतच होते. गवताच्या पिवळ्या लाटांवर जिराफांच्या माना तेवढ्या तरंगत होत्या. गाडी त्याची मुलगी सिलांतोई चालवत होती आणि मागे चार पाहुणे श्वास रोखून बसले होते. पारसालोईने मला डोळ्यांना लावले आणि वायरलेसवर हलकेच सांगितले, "ठिपके. नदीकाठच्या मोठ्या झाडावर. शेपूट लोंबतंय."

पाहुण्यांनी उगाच आशा धरू नये म्हणून तिथले वाटाडे बिबट्याचे नाव घेत नाहीत, 'ठिपके' म्हणतात.

मला ओरडता आले असते तर! त्या झाडाला दुधीभोपळ्यासारखी फळे लांब देठांनी लोंबतात; इथले लोक ती दारू आंबवायला वापरतात. त्यातले एक वाऱ्यावर झुलत होते, इतकेच.

पाच गाड्या धावून आल्या. वायरलेस खरखरला. पारसालोईच्याच हाताखाली शिकलेला रोतिच नावाचा वाटाड्या बोलत होता. "वस्ताद, शेपूट सापडलं. उरलेला बिबट्या कधी पिकणार?"

"तोडून द्या हो," दुसऱ्या गाडीतून कुणी ओरडले, "मधाच्या दारूत आंबवायला घालू!"

हशा उसळला. पारसालोईही हसला, पण त्याने मला डोळ्यांवरून खाली घेतले नाही.

सिलांतोईने गाडी बाजूला घेतली आणि मला आपल्या डोळ्यांना लावले. तिला सारे पुसट दिसले. ती चाक उलटे फिरवत राहिली, तेव्हा कुठे झाड स्पष्ट झाले.

"बाबा, हे चाक पार टोकाला होतं. कधीपासून?"

"वारा होता गं, म्हणून..."

"वाऱ्यावर ढकलू नका. कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले." तो खाली पाहत राहिला. "या सीटवरून उतरलो की मी कोण उरतो, पोरी?"

"आणि आंधळे झालात की कोण उराल? उद्या नारोकला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रस्त्यात एक शब्द ऐकणार नाही."

ती मुलगी मला फार आवडली. हुकूम द्यावा तर असा.

मग तिने माझा पट्टा आपल्या गळ्यात घातला. नदीच्या उतारावर हत्ती संथपणे खाली येत होते, जणू राखाडी ढगच पाणी प्यायला निघाले होते.

"काय दिसतं?" पारसालोईने विचारले.

"सहा जणी पाण्यात उतरल्या. थोरली मागेच उभी आहे."

"सोंड जमिनीला टेकवून?"

"हो."

"मग गाडी हलवू नकोस. तिच्यामागे पिल्लू आहे."

बराच वेळ नुसते गवत हलत राहिले. मग ते दुभंगले आणि स्वतःचे कानही न पेलणारे एक पिल्लू धडपडत बाहेर आले. मागे बसलेल्या एका पाहुणीने नकळत पारसालोईचा खांदा घट्ट धरला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला मऊ फडक्याने पुसले, उन्हात टाकले नाही, की भागते. माणसाचे तसे नसते. तुमच्या घरी जो सर्वांच्या वतीने पुढचे पाहत आला आहे, त्याला आज जेवणाआधी विचारा, "तुम्हाला नीट दिसतं ना?" आणि तो चटकन "हो" म्हणाला, तर लगेच विश्वास ठेवू नका.