देवासहून न्यायला आले तेव्हा

"गळा कधी धरला होता का?" ऋजुताताईंनी विचारलं.

धारच्या महिला केंद्रात त्या समुपदेशक आहेत. माझ्या शेजारी अण्णा, माझे वडील, बसले होते. मी म्हटलं, "एकदा. पण वळसुद्धा नाही उठला."

"शुद्ध गेली होती?"

"नाही. घाबरून खाली बसले असेन."

त्या अण्णांकडे वळल्या. "काका, थपडा मारणारे नवरे मी पुष्कळ पाहते. गळ्याला हात घालणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. आणि बाई घर सोडून आली की ती भीती संपत नाही, वाढते."

अण्णांना पटलं नाही. परतताना ऑटोत म्हणाले, "मयुरेशराव पीत नाहीत, पगार घरी आणतात, चूक कबूल करून फोनवर रडतात. ह्या बाईंनी त्यांना पाहिलेलंही नाही." माणूस ओळखायचं त्यांचं माप हेच. उलट मीच मंगळसूत्र देवासला, सासरी, काढून ठेवून आले, हे त्यांना लागलं होतं. मला गळ्यापाशी काहीच सहन होत नव्हतं, ओढणीही नाही. त्यांना तो हट्ट वाटे.

रविवारी दुपारी मयुरेश आणि सासूबाई मला न्यायला आले. मयुरेशने वाकून अण्णांच्या पायांना हात लावला. "गलती झाली, अण्णा. कंपनीत टेन्शन होतं. आता नाही होणार."

"सून नाही तर घर खायला उठतं हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि हा चहा करतो ना, तो गायसुद्धा तोंडात घेणार नाही."

अण्णा हसले. ते हसले तेव्हाच ठरलं, हे मला कळलं. मी माझ्या लेकीचे, उर्वीचे, फ्रॉक पिशवीत भरू लागले.

सासूबाईंनी रुमालातून मंगळसूत्र काढलं. "घाल रे तिला. अशा मोकळ्या गळ्यानं नको न्यायला."

मयुरेश माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी मान खाली घातली. फासा लागेना. त्याचे अंगठे मानेवर टेकले.

उर्वी अण्णांच्या मांडीवर बसून सेव खात होती. तीन वर्षांची आहे. तिनं वर पाहिलं. घाबरली नाही, रडली नाही.

"अण्णा, आता आई खाली झोपणार," ती म्हणाली. "मग बाबा पाणी टाकणार."

त्यानं गळा धरला त्या दिवसाचं मला आठवतं ते इतकंच: भिंत, त्याचा हात, आणि मग अंगावरचा ओला कुर्ता. मधलं काहीच नाही. कुर्ता ओला कसा झाला, हे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"पोरं काय, काहीही बोलतात," सासूबाई म्हणाल्या.

"मयुरेशराव, हात काढा." अण्णांचा आवाज चढला नव्हता. "इंदू येणार नाही. तुम्ही निघा."

मयुरेशने मंगळसूत्र खिशात घातलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. चपला घालताना माझ्याकडे बघून हसला. "ठीक आहे. बस घरात. कभी तो निकलेगी."

ते गेल्यावर अण्णांनी दाराला कडी घातली. भर दुपारी आमच्याकडे दार कधी लावत नाहीत. मग खिडकी लावली. उर्वीला उचलून घेतलं आणि तसेच उभे राहिले.

"त्या ताईंना फोन लाव," ते म्हणाले. "वाढते म्हणाल्या होत्या ना. आता काय करायचं, ते विचारू."