खेचराच्या उशाचा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात माझा जन्म झाला. माझी लांबी दोन हात, आणि त्यातला एक हात कित्येक वर्षं मातीत होता. माझी सगळी गोष्ट त्या मातीतल्या हाताची आहे.

एका शेतकऱ्याने झऱ्यावर दूध-लोणी थंड ठेवायला छोटी दगडी खोली बांधली, आणि दाराच्या डोक्यावर मला आडवं बसवलं. माझ्या एका टोकाला त्याने छिन्नीने १८४१ असं साल कोरलं, शेजारी बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर. उंच पाहुणे माझ्यावर कपाळ आपटत आणि मला शिव्या देत. मी त्या आशीर्वादासारख्या घेत असे.

पुढे खोली ढासळली. झुडपं वाढली. मी तिथेच पडून होतो. मग व्हर्डी नावाच्या मुलीचे वडील तिथे राहायला आले. त्यांचं ज्युबल नावाचं खेचर म्हातारं होऊन मेलं, तेव्हा त्यांनी झऱ्याच्या खालच्या अंगाला त्याला पुरलं आणि खूण म्हणून मला उभं रोवलं. नेमकं कोरलेलं टोक मातीत! सहा वर्षांची व्हर्डी शेजारी उभी राहून रडत होती.

वरच्या चढावर त्यांच्या घराण्याची अकरा थडगी आहेत. दर मे महिन्यात एका रविवारी गावोगावचे नातेवाईक येतात, गवत काढतात, फुलं वाहतात आणि तिथेच तळलेली कोंबडी, मक्याचा पाव खायला बसतात. कुणाच्या तरी लक्षात आलं की खाली एक बिननावाचा दगड एकटा आहे. झालं! तेव्हापासून मलाही प्लास्टिकची फुलं मिळू लागली. कुणी म्हणे लढाईतला शिपाई, कुणी म्हणे वाटेत मेलेला फेरीवाला. शेजारच्या ओहायो राज्यातून येणारी एक बाई तर दरवर्षी माझ्यापाशी डोळे पुसायची.

व्हर्डी आता म्हातारी, सगळ्यांची व्हर्डीमावशी झाली होती, आणि तिचे दोन नेम होते. बायबलचं एक पान वाचल्याशिवाय कॉफीचा घोट घ्यायचा नाही, आणि खोटं बोलायचं नाही. पण माझ्याखाली कोण आहे, हे तिला कधी कुणी विचारलंच नाही. आणि रडणाऱ्या पाहुणीला खेचराची गोष्ट कोण सांगणार?

मग कोळशाची कंपनी आली. डोंगराचा माथा उघडून कोळसा काढायचा, आणि नंतर माती भरून डोंगर पूर्वीसारखा करायचा, असं ठरलं. परवान्याआधी जुन्या वास्तू आणि थडगी तपासायला सरकारी कचेरीतून टॅकेटबाई आल्या. थडग्यापासून शंभर फुटांत खणायचं नाही, असा नियम. वरच्या थडग्यांपासून मोजलं तर व्हर्डीमावशीचा पिण्याचा झरा हद्दीबाहेर जात होता, म्हणजे कायमचा बुजणार होता. मला थडगं धरलं तर मात्र वाचणार होता.

कंपनीचा हॉबर्ट टेप धरून उभा होता. टॅकेटबाईंनी वही उघडली. “मावशी, इथे कोण आहे?”

मावशीची धाकटी बहीण नेवा तिच्या कानाशी लागली. “शिपाई म्हण. नुसती मान हलव, ताई.”

“ज्युबल आहे,” मावशी म्हणाली.

“आडनाव?”

“खेचराला कसलं आलंय आडनाव, बाई?”

हॉबर्ट इतका हसला, की टेप सुटून त्याच्या बोटांवर फटकन बसली. नेवाने कपाळावर हात मारला. “अगं ताई, आता पाणी काय ढगातून पिशील? आणि मी वीस वर्षं त्याच्यासमोर प्रार्थना म्हटली गं!”

“वाया नाही गेली. गुणी होतं ते,” मावशी म्हणाली. ती मात्र झऱ्याकडे बघत होती. त्याच झऱ्याच्या पाण्यावर तिची सगळी मुलं वाढली होती.

“मग हा दगड आम्ही काढतो,” हॉबर्ट डोळे पुसत म्हणाला.

“खाली काय आहे ते बघून मगच लिहीन. उपटा,” टॅकेटबाई म्हणाल्या.

हॉबर्टने पहार लावली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, ‘ओढ रे बाबा, ओढ!’ मी निघालो, आडवा झालो, आणि टॅकेटबाईंनी आपल्या रुमालाने माझं तोंड पुसलं. साल दिसलं. अक्षर दिसलं. हा कुठल्या तरी जुन्या बांधकामाचा दगड, असं म्हणत त्या झुडपांत शिरल्या आणि पाचव्या मिनिटाला ओरडल्या, “अहो, इथे भिंतीचा पाया आहे! सगळी खोलीच आहे इथे!”

कचेरीने झरा आणि खोली जुनी वास्तू म्हणून राखायला सांगितली. कंपनीला आपली खणायची रेघ मागे घ्यावी लागली. कोळसा काढून झाल्यावर त्यांनी डोंगर पुन्हा रचला, गवत पेरलं. चांगला आहे तो, पण कालचं पोर! अजून पावसात घाबरतो आणि चिखल करतो.

खोली पुन्हा उभी केली, आणि दारावर मला परत बसवलं तेही हॉबर्टच्याच यंत्राने. दारातून खोलीत उतरताना त्याचं कपाळ माझ्यावर आपटलं आणि त्याने मला शिवी घातली. किती वर्षांनी आशीर्वाद मिळाला!

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उपटून, उलटी करून, पुसून बघत जा. तिचं तोंड कदाचित मातीत असेल.

आता माझ्याखालून मावशी रोज पाणी नेते. फक्त एक सल आहे. मे महिन्यातल्या त्या रविवारी फुलं अजूनही ज्युबललाच मिळतात. ओहायोची बाई तर आता गाजरंही आणते.