गाडीच्या टेपाले ग्रीस

सांगते ना, मोनू, सगळं सांगते, पण मधात बोलू नको, नाई तं मी इसरून जाईन.

आमचे मोठे बाबा माहीत हायेत ना तुमाले, शालिकराम, बाबाचे मोठे भाऊ. बोलत नाई ते. मी रांगत होती तवाच त्याइचं घशाचं ऑपरेशन झालं, कॅन्सरचं, आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याले छेद हाये, त्याच्यातूनच श्वास घेते. अन् हाच माणूस पहिले भिलाईच्या आख्ख्या सेक्टर सहामधे भीमगीतं गाये. विहारात, लग्नात, जयंतीले. मले काईच आठवत नाई. मले त्याइचा आवाज मालूम हाये तो फक्त एका कॅसेटमधला. एकच कॅसेट, अन् ते वाजे एकाच जागी, आमच्या जुन्या गाडीच्या टेपमधे, घरचा टेप तं कवाचा कबाडीले गेला. रविवारी मोठे बाबा येऊन गाडीत समोर बसत, काच वर करत अन् आयकत. आम्ही कोणी जवळ नाई जात.

तं औंदा विहारातल्या लोकाइनं म्हटलं, जयंतीले शालिकरामभाऊचं गाणं स्पीकरवर लावू. मोठ्या बाबाइनं हो म्हणून मान हलवली, अन् हलवतच राहिले. मी म्हटलं, सोप्पं हाये, मोबाइल धरते, रेकॉर्ड करते, खतम. मोबाइल धरला, प्ले दाबलं, तं गाण्याच्या वरतून किर्र, किर्र, टक. किर्र, किर्र, टक.

पहिले बी थोडंसं होतं म्हणा, पण आता जादाच करून राहिलं होतं. मी म्हटलं, "बाबा, असंच घेऊन टाकू ना, आवाज मंग मोबाइलमधे साफ करू."

"दादाचं गाणं, अन् त्याच्यात किर्रकिर्र? लोक हसतीन पोरी. पहिले हे काढू."

मंग सुरू झालं आमचं. इंजन बंद करून पाहिलं, किर्र. आईची लग्नाच्या गाण्याची कॅसेट टाकून पाहिली, तरी किर्र. म्हणजे आपली कॅसेट बरोबर हाये, बिमारी टेपमधे हाये. फॉरवर्ड केलं तं तेच किर्र पळत पळत यायले लागलं. इथं पावर हाऊस नावाचं मार्केट हाये, तिथं टेपच्या एका दुकानात घेऊन गेलो, त्यानं हात बी नाई लावला. "बेटा, इसका सामान अब कहाँ मिलेगा, पेनड्राइव वाला लगवा लो." त्याले काय सांगू का पेनड्राइवमधे मोठे बाबा नाईत.

घरी आल्यावर बाबानं टेप काढला, अंगणात टॉवेलवर ठेवला, गाडीच्या बॅटरीचा करंट देल्ला, वरचा पत्रा खोलला अन् स्क्रू खोलायच्या पेचकसाचं टोक आत टेकवून मूठ कानाले लावली. डोळे बंद. स्टील प्लांटात तो बेअरिंगचा आवाज असाच आयकते म्हणे. आई दारातून म्हणते, "डॉक्टरसायेब, पेशंटले भूक लागते का तेबी विचारा."

"गप ना कांता." मंग म्हणे, "सुकलं हाये. ग्रीस पायजे."

आता तुमीच सांगा, भिलाईत कोणाच्या घरी ग्रीसची डब्बी नसते. दार करकरलं, ग्रीस. सायकल, सिलाई मशीन, कूलर, ग्रीस. बाबाची तं नोकरीच प्लांटच्या रोलिंग मिलमधे, ग्रीसची. मी म्हटलं, "बाबा, मी व्हिडिओ पाहिला, त्या रबराच्या चाकाले तेलकट लागू द्यायचं नाई, फीत घसरते."

"येवढे मोठे रोल फिरवतो मी, अन् तू मले शिकवून राहिली?"

माचिसच्या काडीनं जे जे फिरे त्याले लावलं. ते बारीक दांडी असते ना, जे रबराच्या चाकासंगं फीत वढते, तिलेबी. आईची कॅसेट टाकली. किर्र गायब. एकदम चूप. आईनं बी मान्य केलं. मोठ्या बाबाइनं बाबाच्या पाठीवर थाप मारली, बाबा लायन्या पोरावानी हासला.

मी म्हटलं, जरा वेळ आजून चालू द्या. पण मोठ्या बाबाइनं कॅसेट पुढं केली होती.

टेप गाडीत बसवला, मोठे बाबा समोरच्या सीटवर, बाबा दार उघडं धरून उभा, मी मागून मोबाइल धरला. अन् काय आवाज आला रे. साफ. श्वास घेतलेला बी आयकू ये. दोन ओळी झाल्या, तिसरीले आवाज जड झाला, मले वाटलं गाण्यातच तसं हाये. मंग अजून जड, म्हशीवानी, अन् मंग आतून फीत चुरगळल्याचा आवाज. बाबानं बटन दाबलं, कॅसेट निघेना. मोठ्या बाबाइनं त्याचा हात धरला, ओढू नको म्हणून, पण बाबा घाबरला होता, त्यानं ओढली. फीत तुटली. हातभर आत राहिली, बाकीची त्याच्या बोटाइले गुंडाळून, सगळी ग्रीसनं काळी.

बाबा बनियाननं पुसे तं आजून पसरे. मंग तो गाडीजवळ खाली बसला अन् म्हणे, "दादा, शिवी दे ना मले. येक तरी दे."

मोठ्या बाबाइनं तोंड उघडलं. होठ हालले. गळ्यातून नुसती हवा निघाली, फुस्स करून. बाबा त्याइच्या तोंडाकडं पाहतच राहिला, कोणती शिवी होती ते त्याले समजलं नाई. मलेबी नाई.

मंग त्याइनं मागं हात केला, माह्या मोबाइलसाठी. मी रेकॉर्ड झालेलं लावून देल्लं. दोन ओळी, मंग ते म्हशीवानी, मंग चुरगळणं, अन् बाबाचं "अरे, अरे". सगळं आयकलं. बोट फिरवलं, परत लाव.

टीना, तू हासू नको, खरंच सांगते. विहारात आता दोन ओळी लावतीन का काय, मले नाई माहीत, कोणी विचारत बी नाई. मोठे बाबा आता रोज संध्याकाळी येते अन् मोबाइल मांगते. गाणं सुरू झालं का बाबा चप्पल घालून सडकवर निघून जाते. मी म्हटलं, मोठे बाबा, नंतरचं खराब झालेलं कापून देते, दोनच ओळी ठेवते. त्याइनं जोरजोरानं मान हलवली, नाई म्हणून. आता मी काय करू, सांगा ना तुमी.